लढाईची जमीन कुणाच्या नावावर?



आम्ही काही इतिहासकार नव्हे. प्राथमिक शाळेपलीकडे आमची मजल गेली नाही. पुढचे शिक्षण झाले ते साच्यावर, आणि राहिलेले युनियनच्या बैठकीत. तरी आज बोलायचे आहे ते इतिहासावर. घाबरू नका, तारखा थोड्या आहेत. खरा प्रश्न जमिनीचा आहे, आणि जमीन म्हटली की गिरणी कामगाराचे कान आपोआप उभे राहतात.

का राहतात ते सांगायला नको. मुंबईत 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी थंडावली आणि त्या जागेवर टॉवर अन् मॉल चढले. सोलापूरची जुनी मिल 1877 साली सुरू झाली होती. आज तिचे नाव तेवढे लोकांच्या तोंडी आहे, भोंगा कुणाच्या कानांत नाही. जागा एकदा मोजली, प्लॉट पाडले, कुंपण पडले, की तिथे कोण राबले आणि कोण मेले हे नातवाला दाखवायला बोट कुठे करायचे? हा अनुभव आमच्या गाठीला आहे, म्हणूनच धाराशिवच्या रानातली गोष्ट आम्ही मांडतो आहोत.

सोलापूरहून हैदराबादच्या वाटेने निघा. नळदुर्ग लागते. किल्ला सर्वांनी पाहिलेला. बोरी नदीच्या धरणात बांधलेला पाणीमहाल 1613 सालचा, इब्राहिम आदिलशहाच्या काळचा. नर-मादी धबधबे पाहायला पावसाळ्यात आपली पोरंबाळं घेऊन आपण जातो. चांगली गोष्ट आहे. पण त्या किल्ल्याकडे जाताना ज्या रस्त्यावरून एसटी धावते, त्याच रस्त्यावर 13 सप्टेंबर 1948 ला लढाई झाली, हे गाडीतल्या कितीजणांना ठाऊक असते?

तो दिवस थोडक्यात असा. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. नदीवरचा पूल उडवला गेला असता तर सगळे अडले असते. पण तो शाबूत हाती आला. पुढे दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर चाल केली. त्या पलटणीत हवालदार बचित्तर सिंग होते. समोरून मशीनगन चालू होती. मांडीत गोळ्या घुसल्या, उभे राहता येईना, तेव्हा हा माणूस सरपटत पुढे गेला, दोन हातबॉम्ब टाकले, मशीनगन बंद पाडली आणि तिथेच प्राण सोडला. देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. स्वतंत्र भारतात हा मान मिळालेल्या अगदी पहिल्यांपैकी ते एक. मग रणगाडे जळकोटवरून पुढे गेले आणि त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचले. तिकडे तुळजापुरात सकाळी दोन तास गोळीबार झाला. 17 सप्टेंबरला निजामाने हात टेकले.

बचित्तर सिंग पंजाबचे. मराठीचा एक शब्द त्यांना येत असेल असे वाटत नाही. पण 1948 झाले नसते तर 1956 झाले नसते. 1956 साली हैदराबाद राज्य मोडून आपला उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव, इतर मराठी मुलखाला जोडला गेला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या 106 हुतात्म्यांचे स्मारक मुंबईत फ्लोरा फाउंटनला आहे, तिथे आपण टोपी काढतो. नळदुर्गच्या वाटेवर टोपी काढायची कुठे, ते सांगा.

आता कायद्याचं बोलू. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्याला तट आहे, बुरूज आहे, मोजायला दगड आहे. रणाला काय आहे? एक ओढा, एक चढ, दोन बांध, चार बाभळी. केंद्राचा 1958 चा कायदा शंभर वर्षांच्या जुन्या वास्तू आणि अवशेषांना धरतो. 1948 च्या लढाईला शंभर वर्षे भरायला 2048 उजाडेल. तोवर मुरूम खणून झालेला असेल, बिगरशेती होऊन प्लॉट विकलेले असतील, चौपदरी रस्त्याच्या भरावाखाली चढ गेलेला असेल. मग 2048 साली साहेब फीत घेऊन मोजायला येतील ते काय?

जी रणे शंभर वर्षांची कधीच झाली, त्यांचीही फारशी बरी गत नाही. उदगीरची लढाई 3 फेब्रुवारी 1760 ची. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तिथे गाजल्या. उदगीर 1982 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, मग लातूर जिल्ह्यात गेले. परांड्याच्या शेजारचे खर्डा नगर जिल्ह्यात, तिथली लढाई 11 मार्च 1795 ची. दोन्ही ठिकाणी किल्ला विचारा, पोरगंसुद्धा दाखवील. लढाई नेमकी कोणत्या शिवारात झाली ते विचारा, दहाजण दहा दिशा दाखवतील.

पानिपताचं तर बघा. उदगीर जिंकणारे भाऊ 14 जानेवारी 1761 ला तिथे पडले. आज पानिपत म्हणजे आपल्याच धंद्याचे गाव. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांतून सूत काढून घोंगड्या विणणारे. भवताली कारखाने, वस्ती, रस्ते. पण काळा अंबा म्हणून एक जागा राखून ठेवली आहे, म्हणून मराठी माणूस तिथे जाऊन उभा तरी राहू शकतो. परदेशात बेल्जियमने वॉटर्लूचे रण राखायला 1914 साली वेगळा कायदा केला. अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणाशेजारी एकाने पैसे कमवायला उंच मनोरा बांधला होता, तो सरकारने सन 2000 मध्ये सुरुंग लावून पाडला. म्हणजे मनात आणले तर होते.

कुणी म्हणेल, हे युनियनवाले रस्त्याला आडवे पडणार. नाही बाबा. रस्ता आम्हाला पाहिजे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे पाहिजे, ती तर पन्नास वर्षे आधी पाहिजे होती. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने पोटासाठी किती पिढ्या सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांत घालवायच्या? शेतकऱ्याची एक गुंठाही जमीन फुकट घ्यावी असेही आमचे म्हणणे नाही. पण रस्ता आखताना देवळासाठी वळण देतात, पुढाऱ्याच्या पंपासाठीही देतात. मग माणसे जिथे पडली त्या पाच-दहा एकरांसाठी देता येणार नाही काय?

आणखी एक बोलायचे आहे. हे काहींना रुचणार नाही, तरी बोलू. जागा राखली की फलक लागणार. फलकावर काय लिहायचे? रझाकारांचे अत्याचार लिहा, घरदार टाकून सोलापूर-बार्शीकडे पळालेली माणसे लिहा, सरहद्दीवरच्या कँपांतून लढलेले तरुण लिहा. पण पोलीस ॲक्शननंतर गरीब मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले तेही लिहा. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने 1948 सालीच हिंडून अहवाल दिला, त्यात सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. तो अहवाल कित्येक वर्षे दाबून ठेवला होता. त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या संपादकाला रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून मारले, तो मुसलमानच होता. खात्यात आपल्या शेजारच्या साच्यावर सलीम उभा असतो आणि पलीकडे मल्लिकार्जुन. दोघांनाही वाचताना मान खाली घालावी लागणार नाही, असा फलक पाहिजे. निजामाचा शिपाई म्हणून जो नळदुर्गच्या मोर्चात मेला तोही पगारावरचाच माणूस. अर्धवट लिहायचे असेल तर तिथे खुशाल पेट्रोल पंप निघू द्या, निदान तो खोटे बोलणार नाही.

तेव्हा मागणी इतकीच. नळदुर्ग, जळकोट, तुळजापूर, उमरगा या गावांच्या ग्रामसभांनी आणि नगरपालिकांनी ठराव करावा. लष्कराच्या कागदांवरून आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून 1948 च्या लढाईची जागा नकाशावर आखावी. म्हातारे थोडे उरलेत, हे काम उद्यावर टाकता येत नाही. आखलेल्या जागेत मुरमाचा परवाना आणि बिगरशेतीचा दाखला देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर सुनावणी घ्यावी. ज्याची जमीन त्याला बाजारभावाने मोबदला, नाहीतर पीक घेऊ द्यावे. नांगराने रणाचे काही बिघडत नाही, बुलडोझरने बिघडते.

अर्ज लिहून तयार आहे. सभा संपल्यावर व्यासपीठाच्या उजव्या बाजूला टेबल मांडले आहे, तिथे सही करा. सही येत नसेल तर अंगठा चालतो. रात्रपाळीवाल्यांनी आधी पुढे यावे, त्यांची वेळ होत आली आहे.