बॉनेटखालचे उंदीरमामा
अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरात गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात आणि मालक लोकलच्या गर्दीत, हे रोजचंच. पावसाळ्यात वालधुनी, उल्हास नद्या फुगल्या की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीरमामा बॉनेटखालची कोरडी जागा हेरतात.

एसी लावल्यावर कुबट वास आला, तर फिल्टर उघडून बघा. कातरलेला स्पंज, प्लॅस्टिकच्या चिंध्या, मध्येच शेंगेचं टरफल, संसारच थाटलेला! उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडून झिजवावे लागतात. मग वायरी सापडतात त्याला.

घरटं कोरडं झाडू नका. हातमोजे, मास्क घाला, जंतुनाशक शिंपडून 10 मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने उचला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो भोगलाय.

उंदीर येऊ नयेत म्हणून इंजिनाजवळ तंबाखूची पानं ठेवणारे पुष्कळ. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. हवा आत घेणाऱ्या तोंडाला मेकॅनिककडून बारीक तारेची जाळी बसवून घ्या, सीटखालचा वडापावचा कागद काढा, गाडी कचराकुंडीपासून लांब लावा. विषाच्या वड्या मात्र गाडीत नकोत. उंदीर डॅशबोर्डमागे मेला, तर त्याला काढायला अर्धी गाडी खोलावी लागते.