दोन मोटारींची जोडी जुळवताना

सायकलीच्या मागच्या चाकात एक मोटार आहे, आता पुढच्या चाकातही दुसरी बसवावी का, असं हल्ली बऱ्याच गटांतून विचारणं होतं. आमच्या गटात हे काम होऊन गेलं आहे, म्हणून आज त्यातल्या व्होल्टांबद्दलच बोलू. पैसे बुडतात ते तिथेच.

आमचा गट पुरंदरच्या बाजूचा. अंजीर झाडावरून उतरलं की फार थांबत नाही, आणि धक्का तर त्याला सोसतच नाही. मळ्यातून वरच्या शेडपर्यंत चढ आहे. क्रेट लादून सायकल चढाला लागली की एकटी मोटार तापायची. चाक हळू फिरत असतं, मोटार करंट ओढत असते, आणि त्यातला बराचसा भाग नुसती उष्णता होऊन जातो. दोन मोटारींनी भार वाटून घेतला तर दोघीही कमी तापतात. दुसरी मोटार हवी होती ती एवढ्यासाठी, वेगासाठी नव्हे.

मागची मोटार 48 व्होल्टांची. आमच्यातल्या एका ताईंच्या घरी 36 व्होल्टांची जुनी मोटार कंट्रोलरसकट पडून होती आणि त्या ती गटाला द्यायला तयार होत्या. फुकटची वस्तू म्हटल्यावर बैठकीत कोण नाही म्हणणार! शहरातल्या दुकानदाराचं म्हणणं, “द्या जोडून, चालून जातं.” आम्ही आधी आकडे मांडायचे ठरवले.

व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची समजा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. 48 व्होल्टांच्या लिथियम बॅटरीत बहुधा 13 सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि पूर्ण भरल्यावर ती 54.6 व्होल्ट दाखवते. 36 व्होल्टांच्या बॅटरीत 10 सेल असतात, ती भरून 42 होते. हा फरक सगळ्यात आधी सोसावा लागतो तो कंट्रोलरला. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटार यांच्या मधली पेटी. 36 व्होल्टांच्या काही पेट्यांत कपॅसिटर 50 व्होल्टांचेच असतात. त्यांना 54.6 दिले की ते फुगतात, फुटतातही. समजा, पेटीने सोसलं. तरी ती बॅटरी 31 व्होल्टांच्या आसपास उतरेपर्यंत थांबणार नाही, आणि 48 ची बॅटरी तर 40 च्या खाली जाऊ द्यायची नसते. उलट 48 ची पेटी 36 च्या बॅटरीवर लावली, तर बॅटरी भरलेली असूनही गाडी लगेच बंद पडते.

म्हणजे बॅटरी आणि दोन्ही कंट्रोलर एकाच व्होल्टचे हवेत, यात तडजोड नाही. 36 ची आणि 48 ची बॅटरी एकमेकींना समांतर जोडणं तर आगीला निमंत्रण आहे. चार्जरची अदलाबदलही करायची नाही.

मोटारीचं मात्र तसं नाही, आणि हे आम्हालाही ऐकून नवल वाटलं. मोटारीच्या आत तांब्याची तार आणि लोहचुंबक. तिच्यावर लिहिलेले व्होल्ट एवढंच सांगतात, की इतके व्होल्ट दिले तर ती मिनिटाला इतके फेरे फिरेल. ताईंच्या मोटारीवर 36 व्होल्टांना 200 फेरे असं लिहिलेलं होतं. 200 ला 36 ने भागा, 48 ने गुणा, 267 येतात. आमच्या मागच्या मोटारीवर 48 व्होल्टांना 270. जोडी जुळली की! त्याच दुकानात 48 चाच शिक्का असलेली एक नवी मोटार होती, पण ती लहान चाकासाठी बनवलेली, 400 फेऱ्यांची. दोन्हींवर आकडा एकच, तरी ती आमच्या कामाची नव्हती. एक बैल चालीचा आणि दुसरा मंद असला, तर जू तिरकं होतं. तसंच इथे. मंद मोटार आपल्या शेवटच्या वेगाला पोचली की ओढायची थांबते. तिच्यात गिअर आणि फ्रीव्हील असेल तर ती नुसती मोकळी राहते, नसेल तर ब्रेकसारखी मागे ओढते.

हा हिशोब दोन्ही चाकं सारख्या आकाराची असतील तेव्हाचा. आमची दोन्ही 26 इंची आहेत.

तर मोटार ताईंची घेतली, जुना कंट्रोलर ठेवून दिला, आणि पुढच्यासाठी 48 चा नवा कंट्रोलर विकत आणला. 36 च्या मोटारीला जास्त व्होल्ट द्यायचे असतील तर करंट आवरावा लागतो, म्हणून पुढचा 7 अँपिअरवर बांधला. मागचा 15 चा. दोन्ही मिळून 22. बॅटरीच्या संरक्षक सर्किटला 30 झेपतात, म्हणून भर चढावर ती बंद पडत नाही. पुढचा कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. क्रेट मागे असले की पुढचं चाक हलकं होतं, आणि जोर जास्त दिला तर ते मुरमावर जागच्या जागी फिरतं.

वेगाची मूठ एकच आहे. तिची सिग्नलची तार आणि काळी तार दोन्ही कंट्रोलरना जाते, पण 5 व्होल्टांची लाल तार एकाच कंट्रोलरची घ्यायची. ब्रेकच्या दांड्याने मात्र दोन्ही मोटारी बंद पडल्या पाहिजेत. चाक उचलून धरा, मूठ पिळा, ब्रेक दाबा आणि डोळ्यांनी बघा. मिस्त्री सांगतोय म्हणून मान डोलवू नका. पुढच्या चिमट्याचंही तसंच. मोटार चाकाला एका बाजूला फिरवते आणि एक्सलला उलट्या बाजूला पिळते. चिमटा लोखंडी हवा, आणि एक्सल धरून ठेवणारी टॉर्क आर्मची पट्टी हवीच. ती नसेल तर एक्सल खाचेतून निसटतो आणि बाई तोंडावर पडते.

आता कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे मोटारीची क्षमता 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, शिवाय वजनासारख्या आणखी काही अटी पाळल्या, तरच अशी सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. दोन मोटारी मिळून आमची या मर्यादेच्या वर जाते. म्हणून ती मळ्यातून शेडपर्यंत, आमच्याच बांधाच्या आत फिरते. शेडपासून पुढे क्रेट टेम्पोत चढतात.