ओट्याचं माप गवंड्याला आपण द्यायचं

आमच्या गटाच्या बैठकीत सध्या एक विषय हमखास निघतो. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणी जुनं घर दुरुस्तीला काढलंय, आणि प्रत्येकीचा प्रश्न एकच: स्वयंपाकघर कसं करून घ्यावं? घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २६९ चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच. तेव्हा फार मोठं काही होणार नाही. पण आहे त्या जागेत आपली पाठ आणि डोळे शाबूत राहतील, एवढं नक्की करता येतं.

आधी ओटा. गवंडी सगळ्या घरांत एकाच मापाने ओटा बांधतो. बाई उंच आहे की बुटकी, हे तो विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही. म्हणून आमचं म्हणणं, बांधकाम निघालं की टेप घ्या. अनवाणी सरळ उभ्या राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत जे माप येईल, त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. ती तुमच्या ओट्याची उंची. कोपर ३८ इंचांवर असेल, तर ओटा ३२ ते ३४ इंच. शेगडी ठेवायची तिथे मात्र ओटा आणखी ४ इंच खाली घ्यायला सांगा. शेगडीची उंची, वर पातेलं, म्हणजे पळी हलवायला हात खांद्याएवढा उचलावा लागतो. कालवण ढवळताना खांदा का भरून येतो, त्याचं हे एक कारण. भाकरीचं पीठ मळायला तर वरून जोर द्यावा लागतो. उंच ओट्यावर तो देताच येत नाही, म्हणून परात खाली घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणी आहेत. बसून मळायला हरकत नाही, फक्त ढुंगणाखाली पाट घ्या, गुडघ्यांना तेवढाच आराम. सासू-सून दोघी राबणाऱ्या असतील, तर जिचा वेळ जास्त जातो तिचं माप धरा.

नवं बांधकाम नाही, घर भाड्याचं आहे? दोन्ही बाजूंना विटांचे ठोकळे रचून वर कडप्प्याची फरशी टाका. एवढ्यानेही काम भागतं. गॅस सिलिंडर आणि शेगडी दोन्ही जमिनीवर, हे मात्र नको. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच हवी आणि सिलिंडर उभाच.

आता हवेचं बघू. धूर वर जातो आणि गॅस खाली बसतो. आपल्याकडचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून छपराजवळ धूर जायला झरोका हवा, आणि भिंतीच्या पायथ्याशीही बाहेरच्या बाजूला एक जाळीचं भोक हवं. गवंडी वरचं ठेवतो, खालचं विसरतो. त्याला आठवण करा. उंदीर येतील म्हणेल, तर बारीक जाळी बसवायला सांगा. पाणी तापवायला चूल लागतेच, ती पडवीत न्या. सिलिंडरच्या खोलीत चूल नको. गॅसचा वास आला, तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावा. नळीवर तारीख छापलेली असते. ५ वर्षांनी नळी बदलायची, चांगली दिसत असली तरी.

मांडामांडीचं फार सांगत नाही, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. एकच बोलतो. मांडणीवर हाताला येईल अशा जागी आहेराची चकचकीत भांडी असतात आणि रोजचा तवा, उलथनं, मिसळणाचा डबा कुठेतरी वाकून काढायचा. उलटं करा. कंबर आणि डोळे यांच्या मधली जागा रोजच्या वस्तूंची. पाहुण्यांची भांडी वर, जड डबे खाली. पाण्याच्या माठाला लांब दांड्याचं ओगराळं हवंच, हात बुडवायला नको.

धान्याची कोठी भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर. भरण्याआधी धान्य कडक उन्हात वाळवा. दाताखाली कट्‌ वाजलं की वाळलं समजा. गार झाल्यावरच भरा, गरम भरलं तर वाफ धरते. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायची जुनी रीत चांगली आहे. मात्र धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणूच नका. त्यांतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो, आणि ज्या खोलीत पोरं झोपतात त्याच खोलीत आपली कोठी असते. फवारणीचं औषध आणि रॉकेलसुद्धा स्वयंपाकघरात नको, आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको.

आता पैशाचं. बियाण्याला, मोटर दुरुस्तीला, दवाखान्याला गटातून कर्ज घेताना कुणी संकोचत नाही. ओट्याला मागायचं म्हटलं की आपणच म्हणतो, जाऊ दे, चाललंय की. अहो, पहाटेपासून रात्री भांडी पालथी होईपर्यंत आपला दिवस तिथेच जातो. आमच्या मते फरशी, झरोका आणि कुकर या तिन्हींसाठी अंतर्गत कर्ज मागायला काहीच हरकत नाही. नवी भांडी नंतर.

पुढच्या बैठकीला टेप घेऊन या. एकमेकींचं कोपर मोजून आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे गवंडी आला की शोधाशोध नको.