सुटीतील मुले आणि शाळेचे मैदान



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मैदान हे वर्गाइतकेच प्रिय होते. म्हणूनच आज मी उन्हाळ्याच्या सुटीतील मुलांच्या आरोग्याचा विषय घेतला आहे.

सुटीत मुलांची प्रकृती सुधारते, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उंचीच्या मानाने लहान मुलांचे वजन शाळेच्या महिन्यांपेक्षा उन्हाळी सुटीतच अधिक वेगाने वाढत असल्याचे आढळले. यात फारसे नवल नाही. शाळा मुलाला केवळ विद्या देत नाही. उठण्याची, खाण्याची, चालण्याची वेळही देते. ते कुंपण निघाले की रात्री जागरण, सकाळी दहापर्यंत झोप, हाती खाऊचे पाकीट आणि डोळ्यांसमोर पडदा, असा दिनक्रम सुरू होतो.

हैदराबादच्या मराठी घरांत पूर्वी ही उणीव आजोळ भरून काढीत असे. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी मीटरगेजची गाडी मुलांना नांदेड-परभणीकडे घेऊन जाई. तेथे पाठीला सुके भोपळे किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहणे, सूरपारंब्या, विटीदांडू आणि आंब्याची अढी असे. व्यायाम हा शब्दही कुणी उच्चारीत नसे. आता रूळ रुंद झाले, गाड्या वाढल्या. पण आजीआजोबाच शहरात राहावयास आले. आई-वडील दोघेही नोकरीवर जातात आणि मूल तिसऱ्या मजल्यावर कुलपाआड सुरक्षित राहते. त्या मातापित्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात आपल्या शहरात दुपारचे तापमान 40 अंशांच्या घरात जाते. शरीराच्या वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा अधिक असल्याने अशा हवेत बाहेरची उष्णता ती लवकर शोषून घेतात. त्यातच आपली हवा कोरडी. घाम आल्याबरोबर वाळतो, अंग कोरडे दिसते आणि खेळात रमलेले मूल तहानेची दाद घेत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे. ताक, पन्हे, लिंबाचे सरबत आपल्या घरात आहेच. बाटलीतल्या रंगीत पेयांची गरज नाही. उन्हात मूल बरळू लागले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

पण ऊन कडक आहे म्हणून दिवसभर कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल आवश्यक मानली आहे. डोळ्यांनाही मोकळा उजेड हवा. तैवानमध्ये 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे वर्गाबाहेर नेण्याचा उपक्रम झाला आणि पुढील वर्षांत अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण घटू लागले. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटर उंचीवर आहे. येथील पहाट मे महिन्यातही सुसह्य असते. पावणेसहाच्या सुमारास उजाडते. सहा ते आठ हे दोन तास आपल्या हाती आहेत, आणि सूर्य कलल्यावरचा एक.

आता जागेचा विचार. चादरघाटच्या व्हिक्टरी प्लेग्राउंडसारख्या मैदानांवर महानगरपालिकेची उन्हाळी क्रीडाशिबिरे भरत आली आहेत. परंतु सात वर्षांच्या मुलाला तेथे रोज कोण पोहोचविणार? अमरावतीच्या, 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उन्हाळी वर्गांची परंपरा जोपासली, तिचा आपल्याला अभिमान आहे. तथापि आपल्या मुलांना इतक्या मोठ्या संस्थेची निकड नाही. त्यांना घराजवळची, ओळखीची, कुंपण असलेली जागा हवी. अशी जागा म्हणजे शाळेचे मैदान, आणि नेमके तेच सुटीत बंद असते!

माझी संस्थेच्या चालकांना विनंती आहे की, येत्या एप्रिलअखेरीपासून शाळा उघडेपर्यंत हे फाटक रोज सकाळी सहाला उघडावे. प्रशिक्षक नसला तरी चालेल. लगोरी आणि आट्यापाट्या मुले एकमेकांकडून शिकतात. दोन पालक पाळीने सावलीत बसावेत, पाण्याचे माठ भरलेले असावेत, प्रथमोपचाराची पेटी कार्यालयात असावी. मुलींची संख्या घटू लागली, तर कारण विचारावे. बहुधा ते स्वच्छतागृहाला लागलेले कुलूप असते. पाळीच्या वहीत पहिल्या आठवड्यापुढे माझे नाव लिहून ठेवावे.