मोटारींतील उष्णतेची ढाल

मोटार घाट चढून माथ्यावर थांबते, माणसें उतरून पाय मोकळे करितात, आणि नेमक्या त्याच वेळीं बॉनेटखालीं उष्णता कोंडूं लागते. चालत्या गाडीस लागणारा वारा थांबलेला असतो. टर्बोचार्जर मात्र अद्याप तापलेलाच असतो. शेजारच्या तारांचें वेष्टण व रबरी नळ्या अशा वेळीं करपतात.

टर्बोचार्जर ही आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराची कल्पना. तिचें पेटंट त्यानें १९०५ सालीं मागितलें. इंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त वायूंनीं एक चक्र फिरवावयाचें व त्याच्या जोरावर ताजी हवा दाबून इंजिनांत भरावयाची, ही ती युक्ति. पेट्रोलच्या इंजिनांत हे वायु ९०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापतात.

चुलीसमोर बसलेल्यास आंच लागते, तशीच या धातूची आंच किरणांच्या रूपानें आजूबाजूस पोंचते. व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ श्टेफान यानें १८७९ सालीं दाखविलें कीं, ती निरपेक्ष उष्णतामानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ४०० अंशांचा धातु ८०० अंशांस पोंचला, तर आंच दुप्पट नव्हे, सहापटींहून अधिक होते.

तिला अडविण्यास जाड पत्रा लागत नाहीं. पातळ, चकचकीत पत्रा आणि त्याच्या दोन्ही अंगांस मोकळी हवा एवढें पुरतें. पत्रा आंच परत फेकतो, व फटींतून वर चढणारी हवा उरलेली उष्णता घेऊन जाते. हौशी कारागीर चुकतो तो येथेंच. तो पत्रा टर्बोचार्जरास टेकवून आवळतो. मग ती ढाल न राहतां तवा बनते.

इंजिन पूर्ण थंड असतांना पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा. त्याबरहुकूम स्टेनलेस स्टीलचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून कडा दुमडाव्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. जस्ताचा मुलामा ४२० अंशांसच वितळतो व त्याचा धूर बाधतो. ॲस्बेस्टॉस पूर्वीं सर्रास वापरीत. परंतु त्याच्या तंतूंनीं फुप्फुसाचा कर्करोग होतो, त्यास हातहि लावूं नये. मधें सुमारें २ सेंटिमीटर अंतर राखावें; वरची व खालची बाजू उघडी ठेवावी. आधार असलेल्याच बोल्टांचा घ्यावा, टर्बोचार्जरास नवें भोंक पाडूं नये. फूटभर पत्रा ४०० अंशांनीं तापला कीं सुमारें २ मिलिमीटर वाढतो. म्हणून पत्र्याचीं भोंकें लांबट असावीं.

मात्र तेलाची गळती असेल तर ढालीवर विसंबणें धोक्याचें. तप्त धातूवर पडलेलें तेल पेट घेतें, आणि ढालीआड ती गळती दिसतहि नाहीं. तेलाच्या नळीचे सांधे तपासल्यावांचून ढाल बसवूं नये.