विठाबाईंची उरलेली गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पिंपळवंडीचा. पुण्याहून नाशिकला निघालात की नारायणगाव मागे पडतं आणि आळेफाटा यायच्या आधी आमचं गाव येतं. ओळख सांगायची तर कांदा, टोमॅटो, ऊस आणि अलीकडे त्या उसातला बिबट्या. पण आज ज्या बाईंविषयी बोलायचंय, त्यांचं नाव घेतलं की आमच्या जुन्नर तालुक्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या.

त्यांची एक गोष्ट तुमच्या कानावरून नक्कीच गेली असेल. दिवस भरत आलेले, नववा महिना, आणि बाई बोर्डावर नाचताहेत. खेळ ऐन रंगात असताना पोटात कळा सुरू झाल्या. बाई आत गेल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, पातळ सावरलं आणि राहिलेला खेळ पुरा करायला पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या.

मी पस्तीस वर्षं शाळामास्तर होतो. ही गोष्ट मुलांना कितीदा सांगितली असेल, गणती नाही. विषय कर्तव्यनिष्ठेचा असो की चिकाटीचा, विठाबाई हाताशी असायच्याच. आणि प्रत्येक वेळी बाई बोर्डावर परत आल्या की मी थांबायचो. मुलं टाळ्या वाजवायची, तास संपायचा.

पण गोष्ट तिथं संपत नाही. बाई परत आल्या तेव्हा समोर बसलेल्यांच्या लक्षात आलं, की मघाशी दिसत होतं ते पोट आता दिसत नाही. लोक हबकले. मग प्रेक्षकांनीच आग्रह धरला, की बाई, आता पुरे, तुम्ही विश्रांती घ्या. खेळ थांबला. थांबवला तो लोकांनी. बाईंनी नाही आणि फडानंही नाही. हा उरलेला भाग मी का सांगत नव्हतो, याचा विचार करायला मला पुष्कळ वर्षं लागली. तो का लागला, तेच आज सांगतो. पण त्याआधी खेळ थांबवणं फडातल्या माणसाच्या हातात का नसतं, ते सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी नारायणगावात गेलं पाहिजे.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. म्हणून तर त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. रस्त्याकडेला एकाला लागून एक राहुटी, प्रत्येकीवर फडाचा बोर्ड, आत जाजम, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि मॅनेजरच्या मांडीवर डायरी. गावोगावचे पंच जीपमधून उतरतात. आपल्या यात्रेची तारीख सांगायची, बायका किती, ढोलकीला कोण, सोंगाड्या कोण, वग कोणता, हे विचारायचं आणि घासाघीस करायची. चैत्र पौर्णिमेसारखी तारीख असली, की एकेका दिवसावर दहा गावांचा डोळा, मग भाव चढतो. आडतारखेला उतरतो. टोमॅटोच्या बाजारात आणि या बाजारात बोलण्याची ढब एकच, फक्त इथं चहा जास्त होतो. ठरलं, की सुपारी हातात पडते आणि डायरीत गावाचं नाव चढतं.

ही झाली गावाची बाजू. फडाच्या आत आणखी एक व्यवहार असतो, उचलीचा. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो वैशाखी पौर्णिमेपर्यंत फिरतो. पावसाळ्याचे चार महिने कामच नाही. तेव्हा घर चालवायला कलाकार फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि पुढचा हंगाम त्या फडाला बांधला जातो. फडमालकानं ती रक्कम बहुतेक वेळा कुणाकडून तरी व्याजानं आणलेली असते. ट्रक, तंबू, जनरेटर आणि मोठा फड असला तर शंभराच्या आसपास खाणारी तोंडं. एक खेळ बुडाला, तर ओढाताण अगदी झाडूवाल्यापर्यंत पोचते. गण, गौळण, बतावणी, मग वग, पहाट होईतो उभं राहायचं. त्यात आमच्या भागात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. रात्रभर नाचलेली माणसं तोंडावर पाणी मारून पुन्हा गावासमोर उभी राहतात, मग गावकरी कुस्त्यांच्या आखाड्याकडे निघतात आणि ट्रक पुढच्या गावाला.

विठाबाई या व्यवहारातच जन्मल्या. जुलै १९३५ मध्ये, पंढरपुरात, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांचा फड, तो वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी गाजवला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हे नाव बोर्डावर लागलं की माणसं बैलगाड्या जुंपून यायची. जात नावातच लिहिलेली. तमाशा मानाचा आणि तमाशातली माणसं वेशीबाहेरच्या मुक्कामाची, हे त्या काळी कुणाला विसंगत वाटत नसे. लावणी, गौळण या मुलीला कुणी शिकवणी लावून शिकवल्या नाहीत. फडाच्या पालात जे कानावर पडतं, तेच तिचं शिक्षण.

ती लहान असतानाच स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. अश्लील म्हणून. मग समिती बसली, अटी आल्या, वग लिहून मंजूर करून घ्यायचे ठरले आणि फड पुन्हा उभे राहिले. त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९५७ साली, याच तमाशातल्या बावीस वर्षांच्या विठाबाईंना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. १९९० साली पुन्हा मिळाला.

मी त्यांना पाहिलं ते पोरवयात, बापाच्या खांद्यावरून, गॅसबत्तीच्या उजेडात, फार लांबून. चेहरा खरं तर आठवत नाही. आवाज आठवतो. कनातीच्या बाहेर, पार शेताच्या बांधापर्यंत येणारा, जरासा खरखरीत आणि न थकणारा. खेळ सुटल्यावर आम्ही अंधारातून तीन-चार कोस चालत घरी यायचो. आता बिबट्यामुळे सातनंतर पोरं उसाच्या कडेनं जात नाहीत, हे जाता जाता सांगतो.

तर, तो उरलेला भाग.

साल १९८८ असावं. नोकरीनिमित्त मी दुसऱ्या एका गावात होतो. गावाचं नाव घेत नाही, फडाचंही नाही. मास्तर म्हणून यात्रेचा हिशेब माझ्याकडे. आम्ही पंचांबरोबर राहुटीत जाऊन एक फड ठरवला होता, तो तिच्यातल्या एका नाचणारीवर भाळूनच. यात्रेच्या रात्री ती गौळणीत आली, एक लावणी केली आणि मग दिसेनाच. वगात तिच्या जागी दुसरीच बाई. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी चप्पल भिरकावली. मॅनेजर माइकवर हात जोडून म्हणाला, 'मायबाप, पोरगीला ताप भरलाय.' कुणी ऐकून घेतलं नाही.

सकाळी हजेरी झाल्यावर देवळाच्या ओसरीवर हिशेब झाला. पंच म्हणाले, ठरल्याप्रमाणे काम झालं नाही, पाचशे कापा. मी कापले. माझ्याच हातानं, माझ्याच वहीत, 'कलाकार गैरहजर' असा शेरा मारून. मॅनेजर वाद घालणारा नव्हता. त्यानं नोटा मोजल्या, डायरीत ठेवल्या आणि नमस्कार केला. ट्रकच्या केबिनमध्ये ती मुलगी डोक्यावरून शाल घेऊन खिडकीला टेकून बसली होती. वीस वर्षांची असेल. मी तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दुपारी आखाड्यापाशी पुन्हा तोच विषय निघाला. एक जण म्हणाला, 'अरे, आपली विठाबाई बाळंत होऊन नाचली, आणि हिला साधा ताप सोसंना!' सगळे हसले. मीही हसलो.

त्या क्षणी काही कळलं, असं नाही. कळलं ते पुढं, जानेवारी २००२ मध्ये, विठाबाई गेल्याची बातमी वाचताना. शेवटच्या काळात त्यांना पैशाची फार ओढाताण झाली होती. दवाखान्याचं बिल त्यांच्या मृत्यूनंतर लोकांनी दिलेल्या देणगीतून भागवावं लागलं. राष्ट्रपतींनी दोनदा गौरवलेली बाई. ज्यांनी पैसे दिले त्यांचे आभारच मानायला हवेत, पण तेव्हाही लोक धावले ते सगळं होऊन गेल्यावर, बाळंतपणाच्या रात्री धावले तसेच. आणि मला माझी वही आठवली. ज्या प्रेक्षकांनी विठाबाईंचा खेळ थांबवला, ते माझ्यापेक्षा बरे होते. सुपारी त्यांनीही दिलेली होती. आम्ही मात्र त्यांच्या गोष्टीतला त्यांचाच भाग गाळला आणि राहिलेल्या अर्ध्या गोष्टीची छडी करून तापानं फणफणलेल्या पोरीवर उगारली. बाईंच्या सोसण्याचं कौतुक करताना, ते त्यांना का सोसावं लागलं हे विचारायचं राहून जातं. मी तर मुलांनाही ते विचारू दिलं नाही.

विठाबाईंच्या पाठीमागे फड बंद पडला नाही. मंगला बनसोडे यांचं नाव आज कुणाला ठाऊक नाही? त्या विठाबाईंच्या लेक. योगीराज बागूल यांनी विठाबाईंच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा मिळाला कांताबाई सातारकर यांना. त्यांचंही घर याच रस्त्यावर, आमच्या पुढं, आळेफाटा ओलांडून संगमनेरला. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या. १९६४ साली खेडकर गेले, पदरात मुलं, हातात काही नाही. तिथून त्यांनी स्वतःचा फड उभा केला. बाईनं वगात पुरुषपात्र करावं ते कांताबाईंनी. त्यांचे शिवाजी महाराज पाहिलेली माणसं आजही हात जोडून सांगतात. २५ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या लाटेत, त्या गेल्या. तेव्हा सलग दोन हंगाम यात्रा झालेल्या नव्हत्या. पाडव्याला नारायणगावात जायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं.

त्या दोन वर्षांनंतर माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला माणसं येऊ लागली. ज्येष्ठ कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं. २०२४ मध्ये ते पाच हजार झालं. निवृत्त मास्तर म्हटला की अर्ज त्याच्याकडेच येतात, आणि मलाही ते काम नको म्हणवत नाही. वय, पत्ता, उत्पन्न, सगळं भरून होतं. अडतं ते एकाच ठिकाणी, कलाक्षेत्रात वर्षानुवर्षं काम केल्याचा पुरावा. फडात नेमणूकपत्र नसतं, पगाराची पावती नसते. उचलीचा हिशेब फडमालकाच्या वहीत, आणि तो फडमालक गेलेला किंवा फड मोडलेला.

गेल्या उन्हाळ्यात एक हलगीवाले आले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, एका कानानं ऐकू येत नाही. हलगीनंच गेला, म्हणाले. चाळीस हंगाम चार फडांत वाजवलं. 'पुरावा काय आहे, बाबा?' मी विचारलं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक हँडबिल काढलं. घडीवर फाटलेलं, गुलाबी कागदाचं. वर फडमालकाचं नाव ठळक, खाली दोन नाचणाऱ्यांची नावं, सोंगाड्याचं, ढोलकीवाल्याचं. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात 'व इतर कलाकार'.

'ह्यात मी हाय,' त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी सरपंचांचा दाखला घेतला, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका जुन्या झीलकऱ्याला शोधून त्याचा जबाब लिहून घेतला आणि दोन्ही कागद हँडबिलाबरोबर अर्जाला जोडले. अर्ज जुन्नरला देऊन आलो. अजून उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी ते फोन करतात. ऐकू कमी येतं म्हणून फोन नातू धरतो, आणि मला तेच ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागतं.