डॉक्टरांच्या पाठीवरचे ओझे



हवाई रुग्णवाहिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विमान उभे राहते. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांच्या खटपटीने १९२८ साली क्लॉन्करी येथून ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचे पहिले विमान उडाले. स्वित्झर्लंडात १९५२ साली ‘रेगा’ निघाली. लंडनची सेवा १९८९ सालची. या इतिहासात यंत्राचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. परंतु लंडनचे हेलिकॉप्टर एखाद्या बागेत उतरले, की पुढची वाट डॉक्टर आणि पॅरामेडिक यांना पुष्कळदा पायीच तुडवावी लागते. म्हणजे जखमी माणसापर्यंत पोहोचते ते हेलिकॉप्टर नव्हे. पोहोचते ती पाठीवरची पिशवी. आज मला बोलावयाचे आहे ते या पिशवीविषयी.

पिशवी टिकाऊ हवी, हे कोणीही सांगेल. पण टिकाऊ म्हणजे काय? जाड कापड, असे आपण चटकन म्हणतो. वास्तविक जाड नायलॉन सहसा फाटत नाही. आधी दगा देते ती चेन. मग पट्ट्याची शिवण, आणि मग उचलावयाची मूठ. तेव्हा पारख करावयाची ती याच जागांची. चेन भरड आहे काय, हातमोजे घालून ती ओढता येते काय, पट्टा जेथे जोडला तेथे टाके दुहेरी आहेत काय, हे पाहावे.

दुसरी गोष्ट रक्ताची. उघड्या विणीच्या कापडात आणि आतल्या स्पंजात रक्त मुरते, आणि एका रुग्णाचा संसर्ग दुसऱ्याच्या दारी जातो. म्हणून पुसून स्वच्छ होणारे लेपाचे कापड बरे. मात्र जंतुनाशकाच्या रोजच्या पुसण्याने त्या लेपाला तडे जाता कामा नयेत.

तिसरी गोष्ट वजनाची. मजबुतीसाठी चढवलेला प्रत्येक थर कोणाच्या तरी पाठीवर बसतो. दमलेला हात सुई नीट धरीत नाही.

चौथी गोष्ट आकाशाची. सुमारे आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश होतो. साहजिकच बंद पाकिटातली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. अगदी हवाबंद पिशवी तेथे शहाणपणाची नव्हे. शिवाय लोंबणारा पट्टा फिरत्या पात्यांजवळ घातक, आणि उड्डाणात न बांधलेली पिशवी धक्क्यासरशी धोंड्यासारखी आदळते.

पाचवी गोष्ट मांडणीची. श्वासमार्गाचे सामान एका रंगाच्या कप्प्यात, रक्तस्रावाचे दुसऱ्या, औषधे तिसऱ्या. आणि प्रत्येक पिशवीत तोच क्रम. अंधारात, गुडघे टेकून, हाताला जे लागेल तेच हवे होते, असे झाले पाहिजे.

आता खरा प्रश्न: ही निवड करावयाची कोणी? निविदा उघडून सर्वांत कमी दराची पिशवी घेणे कागदोपत्री निर्दोष दिसते. पण जिने ती कधी खांद्यावर घेतली नाही त्या कचेरीने ती ठरवावी, हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे. दोन-तीन नमुने मागवावेत, ते पूर्ण भरून पथकाच्या पाठीवर काही आठवडे द्यावेत, पावसात भिजवावेत, रोज पुसावेत, आणि मग त्यांचेच मत घ्यावे. चेन बदलून मिळेल काय, हेही आधी विचारावे. दोनदा दुरुस्त होणारी महाग पिशवी पुष्कळदा स्वस्तच पडते.

सार्वजनिक पैसा जपून खर्चावा, हे मला मान्यच आहे. परंतु तो जपावयाचा कोणासाठी, याचा विसर पडता कामा नये. रस्त्यावर पडलेल्या माणसाला दराची यादी दिसत नाही. त्याला दिसते ती उघडणारी, किंवा न उघडणारी, पिशवी.